दुधनीचे बहुरूपी

आमच्या दुधनीच्या घरात मी पाहिलेला पहिला साप आज्जानं काठीनं मारला. मी तेव्हा तिसरीत होतो. जून संपत आला होता, पाऊस पडून गेला होता आणि लाइट गेली होती. न्हाणीच्या भिंतीवर पालीच्या मागं लागलेला हातभर लांबीचा साप आज्जीला कंदिलाच्या उजेडात दिसला. रंग काळसर तपकिरी, अंगावर आडवे पांढरे पट्टे. "हावू बंतु!" आज्जी ओरडली. आमच्या घरात मराठीच बोलतात, पण घाबरायचं असलं की कन्नड बरं पडतं. आज्जा आला, कंदील वर धरून बघितलं आणि म्हणाला, "मण्यार हाय. लांब व्हा समदी." पुढचं सगळं दोन मिनिटांत उरकलं. सकाळी उकिरड्याजवळ रॉकेल टाकून तो जाळला, आणि पुढचे आठ दिवस मी शाळेत मण्यारीची गोष्ट सांगत होतो.

ती मण्यार नव्हती. हे कळायला मला दहा-बारा वर्षं लागली. सापांच्या एका पुस्तकात दोन फोटो शेजारी शेजारी छापले होते, एक मण्यारीचा आणि दुसरा कवड्याचा. मण्यारीचे पट्टे बारीक, बहुतेक जोडीनं येणारे; ते शेपटीकडं ठळक असतात आणि मानेकडं विरत जातात. कवड्याचं उलट. त्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडं पुसट होतात. मण्यार रात्री जमिनीवर फिरते, कवड्या पालींच्या मागं भिंती चढतो. आमच्या न्हाणीतला साप भिंतीवर होता. कवड्या बिनविषारी. चावला तरी टाक्यासारखे दोन-चार ओरखडे, बस.

आज्जाला दोष देण्यात अर्थ नाही, हे आधीच सांगून ठेवतो. हा फरक पुस्तक मांडीवर घेऊन बसल्यावर दिसतो, कंदिलाच्या उजेडात दिसत नाही. मण्यारीचा दंश झोपेत होतो, दुखतही नाही, आणि माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणून उठतो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यातली, आपल्यासारखी जमिनीवर झोपणारी. पट्टे मोजत बसायला आज्जाकडं वेळ नव्हता.

मला छळणारा प्रश्न वेगळा होता. कवड्याच्या अंगावर हे पट्टे आले कुठून? आणि ते त्याला वाचवायला आले असतील, तर त्यांच्यामुळंच तो मेला कसा?

या प्रश्नाचा इतिहास शोधायला गेलो की आधी दुधनीतून बरंच लांब जावं लागतं. १८४८ साली इंग्लंडमधले दोन तरुण ॲमेझॉनच्या जंगलात गेले. हेन्री वॉल्टर बेट्स आणि आल्फ्रेड रसेल वॉलेस. दोघंही श्रीमंत नव्हते. बेट्सच्या घरचा धंदा मोज्यांचा. किडे, पक्षी, फुलपाखरं पकडायची, लंडनला पाठवायची आणि त्या पैशांवर पुढचा प्रवास करायचा, असा त्यांचा बेत. वॉलेस चार वर्षांनी परतला आणि वाटेत त्याच्या जहाजाला आग लागून बरंचसं जमवलेलं जळून गेलं. बेट्स मात्र ११ वर्षं तिथंच राहिला.

पेट्यांत फुलपाखरं लावताना बेट्सला एक गोष्ट खटकत राहिली. संथ उडणाऱ्या, भडक रंगांच्या एका जातीच्या थव्यात मधूनच एखादं फुलपाखरू असं निघायचं की जे दिसायला हुबेहूब तसंच, पण पायांची, पंखांतल्या शिरांची रचना बघितली तर सरळ वेगळ्या कुळातलं. शिवाय ज्या भागात मूळ जातीचा रंग थोडा बदलायचा, त्या भागात या नकलाकाराचाही रंग तसाच बदलायचा. हा योगायोग असू शकत नाही. बेट्सनं १८६१ च्या नोव्हेंबरात लंडनच्या लिनियन सोसायटीत निबंध वाचला, तो १८६२ मध्ये छापला गेला. त्याचं म्हणणं साधं होतं. ती संथ उडणारी फुलपाखरं पक्ष्यांना बेचव लागतात, म्हणून पक्षी त्यांना सोडतात. दुसरं एखादं चवदार फुलपाखरू योगायोगानं थोडंफार त्यांच्यासारखं दिसलं, तर तेही अधूनमधून सुटतं. सुटलेल्याची पिल्लं होतात, न सुटलेल्याची होत नाहीत. पिढ्यानपिढ्या पक्ष्यांची चोच अशी चाळणी लावत राहिली की नक्कल पक्की होत जाते. नक्कल करणाऱ्याला आपण नक्कल करतोय याचा पत्ताही नसतो. डार्विनचं पुस्तक येऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती, आणि त्याच्या सिद्धांताला मिळालेला हा पहिल्या काही ठोस पुराव्यांपैकी एक. डार्विन या निबंधावर बेहद्द खूश झाला होता.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या गल्लीत येणारा बहुरूपी आठवला. फौजदाराचा वेष घालून तो दुकानदाराला दम द्यायचा, दुकानदार क्षणभर दचकायचा आणि मग हसून दहा रुपये काढायचा. ती नक्कल चालायची कारण खरा फौजदार अस्तित्वात होता आणि त्याची भीती होती. ज्या गावात पोलीस कधी आलाच नाही तिथं खाकी कपड्याला कोण विचारतो? बेट्सच्या सिद्धांताचा गाभा हाच आहे. मूळ कडवट प्राणी आसपास हवा, तोही पुरेशा संख्येनं, आणि पक्ष्यांच्या आठवणीत ताजा हवा. बहुरूपीच फौजदारांपेक्षा जास्त झाले, तर खाकीला कुणी घाबरणार नाही.

आता दुधनीत परत येतो. स्टेशनाच्या कुंपणापासून ते तुरीच्या शेतांपर्यंत जाणाऱ्या रस्त्याला रुईची झुडपं आहेत. शनिवारी मारुतीला वाहायला पानं तोडतात ती हीच. चीक डोळ्यात गेला तर डोळा जायची भीती, म्हणून आज्जी आम्हाला तोडू द्यायची नाही. या पानांमागं एक अळी असते. पांढरी, काळ्या पट्ट्यांची, पिवळ्या ठिपक्यांची, अंगावर काळ्या तंतूंच्या तीन जोड्या. हिरव्यागार पानावर ती लांबूनही दिसते. तिचं फुलपाखरू म्हणजे प्लेन टायगर, मराठीत बिबळ्या कडवा. नारिंगी पंख, टोकाला काळा भाग आणि त्यात पांढरे ठिपके. इजिप्तमधल्या नेबामूनच्या थडग्यातलं, इसवी सनापूर्वी सुमारे १३५० सालचं शिकारीचं चित्र ब्रिटिश म्युझियममध्ये आहे; त्यात पपायरसच्या झुडपांवर उडणारी फुलपाखरं हीच आहेत. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकाराच्याही डोळ्यात ती भरली होती.

डार्विनला नेमका हाच प्रश्न पडला होता. नर पक्ष्यांचे भडक रंग त्यानं मादीच्या पसंतीतून समजावले होते. पण अळी? तिला नर-मादी काही नाही, लग्नाला अजून अवकाश. मग काही अळ्या इतक्या नटलेल्या का? त्यानं बेट्सला विचारलं, बेट्स म्हणाला वॉलेसला विचारा. १८६७ च्या फेब्रुवारीत डार्विननं वॉलेसला पत्र लिहिलं आणि वॉलेसचं उत्तर लगेच आलं. अळीचं अंग मऊ. पक्ष्यानं एकदा टोच मारली की ती मेलीच, मग आतलं विष कळून पक्ष्यानं थुंकली तरी तिला काय उपयोग? म्हणून विष असणं पुरेसं नाही. विष आहे हे टोच मारण्याआधी, लांबून कळलं पाहिजे. भडक रंग ही पाटी आहे. पुढं १८६९ मध्ये जेनर वीर यांनी आपल्या पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना वेगवेगळ्या अळ्या देऊन पाहिलं. भडक अळ्या पक्ष्यांनी नाकारल्या, लपणाऱ्या, हिरव्या-तपकिरी खाल्ल्या. अशा रंगांना आज इंग्रजीत जो शब्द वापरतात, 'अपोसेमॅटिक', तो १८९० मध्ये एडवर्ड पोल्टन यांनी बनवला.

बिबळ्या कडव्याच्या अळीचा एक उद्योग मला फार आवडतो. रुईचं पान खाण्याआधी ती शीर कुरतडते, चीक वाहून जाऊ देते आणि मग पुढचं पान खाते. रुईचं हत्यार तिनं असं बोथट केलं, आणि त्यातलं थोडं स्वतःकडं ठेवलंही. रुईत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, ती काही प्रमाणात फुलपाखराच्या अंगात उतरतात. पण सगळ्यांच्या नाही. तपासणीत काही बिबळ्या कडव्यांच्या अंगात ही द्रव्यं जवळपास सापडतच नाहीत. म्हणजे 'कडवा' नावाचे काही जण अजिबात कडू नसतात, भाऊबंदांच्या नावावर जगतात! अमेरिकेत लिंकन ब्राउअर यांनी मोनार्क या त्यांच्या चुलतभावंडात हाच प्रकार दाखवला. मोनार्क खाऊन ओकणाऱ्या ब्लू जे पक्ष्याचा त्यांचा फोटो १९६९ पासून पुस्तकांतून फिरतोय. शिवाय आपल्याकडचे नर पावसाळ्यानंतर वाळलेल्या भुरुंडीवर, खुळखुळ्यावर गर्दी करतात आणि तिथून वेगळी कडू द्रव्यं चोखून घेतात. कडूपणाची कमाई एकाच झाडावरची नसते.

आणि याच रस्त्यावर बहुरूपी आहे. छोटा चांदवा, इंग्रजीत डॅनाइड एगफ्लाय. त्याचा नर काळा, पंखांवर निळसर कडा असलेले पांढरे चंद्र. मादी मात्र नारिंगी, काळ्या टोकांची, पांढऱ्या ठिपक्यांची, अगदी बिबळ्या कडवा. मी कित्येक महिने तिला कडवाच समजून फोटो काढत होतो. मागच्या पंखावरचे काळे ठिपके मोजले तेव्हा समजलं. हिची अळी काय खाते? घोळ! आपण डाळीत घालतो ती घोळाची भाजी. रुई खाणाऱ्याची नक्कल घोळ खाणारी करते. नर का करत नाही, यावर वॉलेसचं उत्तर होतं की अंड्यांचं ओझं मादी वाहते, तिला सावकाश उडावं लागतं, झाडं शोधत थांबावं लागतं, म्हणून संरक्षणाची गरज तिला जास्त.

ब्राझीलमध्ये राहणाऱ्या फ्रिट्झ म्युलर यांनी १८७८ मध्ये आणखी एक गाठ सोडवली. दोन कडू जातीच एकमेकींसारख्या का दिसतात? दुधनीतही बिबळ्या कडव्यासोबत ढाण्या कडवा उडतो, तोही नारिंगी, तोही कडू. म्युलरनं त्यावर गणित मांडलं. पक्ष्याचं पिल्लू शिकताना काही फुलपाखरं मरणारच. वेष सारखा असेल तर शिकवणीची ही फी दोन्ही जाती वाटून भरतात. लबाडी नाही, सहकारी पतपेढी.

हे सगळं खरं की पेट्यांत टाचण्या लावणाऱ्यांची कल्पना, अशी शंका तेव्हाही घेतली जात होती. पक्षी फुलपाखरं खाताना फारसे दिसतच नाहीत, असं अनेकांचं म्हणणं. ती शंका तपासायला लंडनला नाही, कलकत्त्याला एक माणूस बसला. इंडियन म्युझियममधले फ्रँक फिन. १८९५ ते १८९७ या काळात त्यांनी आपल्याकडच्याच पक्ष्यांना आपल्याकडचीच फुलपाखरं खाऊ घातली. सुरुवात कुणापासून, तर सातभाईंपासून. आपल्या बांधावर कलकलाट करत उड्या मारणारे तेच ते. बिबळ्या कडवा, त्याचे भाऊबंद, कॉमन रोज असं एकेक समोर ठेवायचं, कधी एकटं, कधी दुसऱ्या चवदार फुलपाखरासोबत, आणि नोंद करायची. निष्कर्ष असे निघाले: किडे खाणाऱ्या पक्ष्यांना फुलपाखरं आवडतात, भडक, कडू जातींना ते निदान दुसरं काही मिळत असताना तरी टाळतात, नकलाकार तुलनेनं चवदार असतात, आणि प्रत्येक पक्ष्याला हा धडा स्वतःच शिकावा लागतो, पण एकदा शिकला की तो नीट लक्षात ठेवतो.

शेवटच्या निष्कर्षापाशी मी बराच वेळ अडकलो. सातभाईला त्याचा आज्जा काही सांगत नाही. माझ्या आज्जानं कधी मण्यारीचा दंश सोसला नव्हता, तरी त्याला मण्यार 'माहीत' होती. त्याच्या आज्जानं सांगितलं होतं म्हणून. आपली भीती ऐकीव असते, म्हणून स्वस्तात मिळते. आणि आपण भ्यालो की पक्ष्यासारखे बाजूला होत नाही, काठी शोधतो.

कवड्याच्या कोड्याचं निम्मं उत्तर इथं आहे. कवड्याचं मण्यारीशी असलेलं साम्य बेट्सच्या प्रकारची नक्कल मानतात. ज्याला सापाची भीती वाटली की मागं सरकतो, अशा शिकाऱ्यासमोर हे पट्टे कामाचे. काठी घेऊन पुढं येणाऱ्या प्राण्यासमोर तेच पट्टे फास होतात. असेच दिवस मांजऱ्याचे. बिचारा फुरशासारखा दिसतो आणि फुरसं म्हणून मारला जातो.

लपण्याच्या रंगांबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण तिथं गोष्ट सरळ आहे आणि दुधनीत ती जागोजाग दिसते. रेल्वेच्या खडीत टिटवी अंडी घालते. मातकट, काळ्या डागांची चार अंडी, आणि मालगाडी शेजारून गेली तरी ती जागची हलत नाही. मी एकदा अंड्यांवर पाय देता देता वाचलो, तेही टिटवीनं डोक्यावर येऊन शिव्या घातल्या म्हणून. हरभऱ्यावरची घाटेअळी कुठं हिरवी, कुठं तपकिरी, कुठं पिवळट असते. शेतकरी पिकात काठीचे पक्षीथांबे रोवतात, कोतवाल, साळुंक्या येऊन बसतात आणि दिसेल ती अळी उचलतात. न दिसणारी राहते. बेट्सची चाळणी तीच, फक्त उलट्या बाजूनं लावलेली.

बहुरूपाची सगळ्यात लांबलेली गोष्ट मात्र आमच्या परसातल्या कढीपत्त्यावर घडते. त्यावर कॉमन मॉर्मनची अळी असते. लहानपणी ती काळी-पांढरी, ओलसर, थेट पक्ष्याच्या विष्ठेसारखी. मोठी झाली की पानासारखी हिरवी. आमटीच्या फोडणीत पानं टाकताना आज्जी एकेक अळी उचलून परत झाडावर ठेवायची, "लेकरू हाय" म्हणून. या फुलपाखराचा नर काळा, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. मादी मात्र तीन प्रकारची. एक नरासारखी, दुसरी कॉमन रोजसारखी, तिसरी क्रिमझन रोजसारखी. ही दोन्ही 'रोज' कडू, त्यांच्या अळ्या किडामारी किंवा सापसंद खातात. लिनियसनं १७५८ मध्ये नर आणि मादी या दोन वेगळ्या जाती समजून दोन वेगळी नावं दिली. ही सगळी एकाच घरातली माणसं हे नीट मांडलं वॉलेसनं, १८६५ मध्ये. एका नराच्या इतक्या तऱ्हेच्या बायका, म्हणून इंग्रजांनी बहुपत्नीत्वासाठी गाजलेल्या पंथाचं नाव याला चिकटवलं. (याच्याच जवळच्या नात्यातलं ब्लू मॉर्मन २०१५ मध्ये महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झालं.)

इथून भांडण सुरू होतं. एकाच आईच्या पोटी तीन वेषांच्या मुली कशा? श्रीलंकेत जे. सी. एफ. फ्रायर यांनी ही फुलपाखरं पिढ्यान्पिढ्या वाढवून १९१३ मध्ये दाखवलं की वेष मेंडेलच्या नियमांनी उतरतात, आणि नरही ते गुपचूप वाहतो. १९१५ मध्ये पनेट यांनी पुस्तकच लिहिलं: अर्धीमुर्धी नक्कल कुणाला फसवणार? म्हणजे वेष एका उडीत आला, डार्विनचं 'हळूहळू' इथं चुकलं. रोनाल्ड फिशर उलट बाजूला उभे राहिले: छोट्या छोट्या सुधारणांनीच नक्कल सफाईदार होते. १९७२ मध्ये क्लार्क आणि शेपर्ड यांनी पुन्हा संकर करून सांगितलं की सगळा वेष गुणसूत्रावरच्या एकाच जागी बांधलेला आहे. तिथं बरीच जनुकं एकमेकांना चिकटून बसली असावीत, असा तेव्हाचा समज होता.

ती जागा २०१४ मध्ये उघडली गेली. 'नेचर'मधल्या त्या निबंधावर पहिलं नाव कृष्णमेघ कुंटे यांचं आहे. 'एका रानवेड्याची शोधयात्रा' वाचलेल्यांना ते वेगळ्यानं सांगायला नको. तिथं जनुकांचा घोळका नव्हता. एकच जनुक होतं, डबलसेक्स, जे कीटकांत नर-मादीचा फरक ठरवतं तेच. त्याचा डीएनएचा तुकडा एका प्रकारच्या मादीत उलटा बसलेला आहे. उलटा असल्यामुळं दोन वेषांची सरमिसळ होत नाही, आणि त्या तुकड्यात पुढं साठत गेलेले लहानलहान बदल एकत्र राहतात. माझ्या वाचनाप्रमाणं पनेटही थोडे बरोबर आणि फिशरही थोडे बरोबर. दीडशे वर्षांचा वाद, आणि त्याचं उत्तर आमच्या फोडणीच्या झाडावर रांगत होतं.

परवाच्या पावसाळ्यात घरी गेलो होतो. रात्री साडेनऊला ओसरीच्या कोपऱ्यात, चपलांच्या मागं, पुन्हा तेच. हातभर, काळसर, पट्टे. आज्जा आता पंच्याऐंशीच्या पुढं, पण काठी हाताशीच असते. मी म्हणालो, "आज्जा, थांबा." मलाही खात्री नव्हती. पट्टे मानेपासून सुरू होताहेत का हे टॉर्चच्या उजेडात, आठ फुटांवरून, छातीत धडधड होत असताना पाहून बघा एकदा. मी सगळ्यांना मागं केलं आणि सर्पमित्राला फोन लावला. वीस मिनिटं आम्ही त्या कोपऱ्याकडं बघत उभे होतो. त्यानं आल्यावर बघितलं, "कवड्या हाय," म्हणाला आणि बरणीत घेतला.

आज्जानं बरणी जवळ धरायला लावली. चष्मा पुसून बराच वेळ बघितलं.

"त्या साली न्हाणीत मारला तोबी असलाच व्हय?"

"असलाच होता."

"मग ह्यानं मण्यारीचा सदरा घातलाय कशाला? साधा राहिला असता तर सोडला असता की मी."

मी बेट्सपासून सुरुवात केली. पक्षी, चाळणी, फौजदाराचा वेष, सगळं सांगितलं. आज्जानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे जो जास्त मण्यारीसारखा, तोच माझ्या काठीला आधी गावतो. माझ्यासारखे आज्जे गावोगाव हायेत. आता पुढं ह्यांनी कुणासारखं व्हायचं?"

याचं उत्तर मला कुठल्याच निबंधात मिळालेलं नव्हतं. सर्पमित्र बरणी घेऊन रुळांपलीकडच्या माळाकडं गेला. आज्जानं काठी दाराला टेकवली आणि टॉर्च घेऊन ओसरीच्या भिंतीतलं भगदाड शोधायला लागला. सकाळी सिमेंट आणायचं ठरलं.